शेरीफचा माणूस

'शेरीफ' म्हटलं की माझ्या पिढीच्या मुंबईकराला सुनील गावसकर आठवतात. १९९४ साली त्यांची मुंबईचे शेरीफ म्हणून नेमणूक झाली होती. त्याआधी १९८० मध्ये दिलीपकुमार त्या पदावर होते. मराठीत या पदाला 'नगरपाल' असा भारदस्त शब्द आहे. वर्षभराचा मान, बड्या पाहुण्यांचं स्वागत, कुणी थोर व्यक्ती गेली तर शोकसभा बोलावणं, एवढंच काम. हातात ना बंदूक, ना बेडी!

आणि इथे टेक्सासमध्ये येऊन पाहावं तर शेरीफ म्हणजे कमरेला पिस्तूल, छातीवर तारा, ताब्यात अख्खा तुरुंग, शिवाय दर चार वर्षांनी निवडणुकीला उभा! हे दोघे एकाच घराण्यातले कसे, हा प्रश्न मला बरीच वर्षं पडायचा. पण पुस्तकं उघडायला निमित्त झालं ते आमच्या ओळखीतल्या एका मुलाचं. कॉलेज संपल्यावर त्याने घरी जाहीर केलं, "मी डेप्युटी शेरीफ होणार." त्याच्या आईचा मला फोन. "भाऊजी, एवढं शिकवलं ते काय पोलिसात जायला? आणि सुरुवात म्हणे तुरुंगात! तुमचं ऐकतो तो, जरा समजवा." समजवायचं तर आधी आपल्याला समजलं पाहिजे. म्हणून वाचायला बसलो. जे सापडलं ते या अंकाच्या निमित्ताने तुमच्यापुढे ठेवतो.

परगण्याचा कारभारी

आपल्याकडे पुष्कळांना वाटतं की हा शब्द उर्दूतल्या 'शरीफ'वरून आला असावा. तसं काही नाही. (इतिहासातले सगळेच शेरीफ शरीफ नव्हते, हे पुढे येईलच.) हजार वर्षांपूर्वी इंग्लंडचे 'शायर' होते, म्हणजे आपले परगणे. राजाच्या कारभाऱ्याला म्हणत 'रीव्ह'. शायरचा रीव्ह तो 'शायर-रीव्ह', आणि बोलता बोलता झाला 'शेरीफ'. राजाचा वसूल गोळा करायचा, गुन्हेगार धरायचे, कोर्टाचे हुकूम बजवायचे, वेळ पडली तर गावातले धडधाकट पुरुष गोळा करून चोराच्या मागे धावायचं. आपला पाटील आणि देशमुख एकत्र केले की जे होईल, साधारण तसं.

वसूल आणि दंडा एकाच हातात आले की काय होतं ते मराठी माणसाला सांगायला नको. रॉबिन हूडच्या गोष्टीतला खलनायक नॉटिंगहॅमचा शेरीफ आहे, तो उगीच नाही. १२१५ साली सरदारांनी किंग जॉनकडून 'मॅग्ना कार्टा' लिहून घेतला, त्यात शेरीफला वेसण घालणारी कितीतरी कलमं आहेत. एक कलम सांगतं की शेरीफने रयतेचे घोडे आणि गाड्या मालकाच्या संमतीशिवाय वापरू नयेत. म्हणजे वेठबिगारी तिथेही होतीच! आणखी एक कलम म्हणतं, ज्याला देशाचा कायदा ठाऊक आहे आणि जो तो नीट पाळील, अशालाच शेरीफ नेमावं. आठशे वर्षं झाली, पण कुठल्याही खात्याच्या भरतीची जाहिरात याहून जास्त काय मागते?

आता हा डेप्युटी कोण? पेशवाईत मोठ्या वतनदाराच्या नावाने प्रत्यक्ष कारभार बघणारा 'मुतालिक' असे. डेप्युटी म्हणजे शेरीफचा मुतालिक. अधिकार मूळ शेरीफचा, डेप्युटी तो त्याच्या वतीने वापरतो. मुंबईतही मान शेरीफचा असला तरी उच्च न्यायालयाच्या हुकमाने बंदरात एखादं जहाज अडकवायचं तर ते काम शेरीफच्या कचेरीचं, आणि धावपळ डेप्युटी शेरीफची!

अमेरिकेतला अवतार

इंग्रज वसाहतवाल्यांनी हे पद बोटीतून बरोबर आणलं. १६३४ साली व्हर्जिनियाचे आठ शायर पाडले आणि तिथे शेरीफ आले. पुढे राजा गेला, पण शेरीफ राहिला. फरक एवढाच, की त्याला आता लोक निवडून देऊ लागले. आज देशात तीन हजारांच्या आसपास शेरीफ आहेत आणि बहुतेक राज्यांत ते मतपेटीतून येतात.

सिनेमामुळे आपल्या डोळ्यांपुढे घोड्यावरचा शेरीफ असतो. त्यातला खराखुरा म्हणजे न्यू मेक्सिकोतल्या लिंकन काउंटीचा पॅट गॅरेट. १८८०च्या नोव्हेंबरमध्ये तो निवडून आला, पण मुदत सुरू व्हायची होती जानेवारीत. तोवर मावळत्या शेरीफने त्याला आपला डेप्युटी करून घेतलं. म्हणजे गॅरेटची सुरुवातही डेप्युटी म्हणूनच! १४ जुलै १८८१ला त्याने बिली द किडला गोळी घातली, ते सगळ्यांना माहीत असतं. त्याआधी २८ एप्रिलला काय झालं ते कमी जणांना माहीत असतं. बिली लिंकनच्या कोर्टाच्या इमारतीत कैदेत होता. पहाऱ्यावरच्या बेल आणि ऑलिंजर या दोघांना मारून तो पळाला. सिनेमा निघाला गॅरेट आणि बिलीवर. कैदी राखता राखता मेलेल्या त्या दोघांवर कोण काढणार?

कैदी राखणं हे डेप्युटीचं फार जुनं काम आहे आणि आजही नोकरी बऱ्याचदा तिथूनच सुरू होते. काउंटी जेलमध्ये बहुतांश लोक खटल्याची वाट बघत असतात, बाकीचे छोट्या शिक्षा भोगत असतात. त्यांची गणती, जेवण, औषधं, भांडणं, रडारड, कोर्टाची ने-आण, हे सगळं शेरीफच्या माणसांकडे. लॉस एंजेलिस काउंटीत तर अकॅडमीतून बाहेर पडलेल्या नव्या डेप्युटीला आधी काही वर्षं तुरुंगात घालवायची, मग गस्तीची गाडी, अशी जुनी रीत आहे. टेक्सासमध्ये तुरुंगातल्या अधिकाऱ्याचा परवाना वेगळा, डेप्युटीचा वेगळा. डेप्युटीसाठी पूर्वायुष्याची चौकशी, मानसिक तपासणी, अकॅडमी, परीक्षा आणि मग जुन्या डेप्युटीच्या शेजारी बसून उमेदवारी. आपल्या तरण्याताठ्या इंजिनिअरांची दमछाक होईल!

आणि हे आपल्यापासून दूरचं मुळीच नाही. ह्यूस्टनच्या बाहेर सायप्रससारख्या भागात आपली कितीतरी कुटुंबं राहतात. तो भाग कुठल्याही शहराच्या हद्दीत नाही. तिथे रात्री ९११ फिरवला तर दारात सिटी पोलीस येत नाहीत, बहुधा डेप्युटीच येतो.

बिल्ला कुणाच्या छातीवर

मला सगळ्यात खिळवून ठेवलं ते या प्रश्नाने: डेप्युटी कुणाला करायचं? कारण ज्याला बिल्ला मिळतो, कायदा त्याचा होतो. लॉस एंजेलिसमध्ये १९१२ साली मार्गारेट ॲडम्स डेप्युटी झाल्या. देशातली पहिली महिला डेप्युटी म्हणून त्यांचं नाव घेतात.

दक्षिणेतली कहाणी रक्ताळलेली आहे. १९६४ साली लुइझियानातल्या वॉशिंग्टन पॅरिशमध्ये (तिथे काउंटीला पॅरिश म्हणतात) ओनील मूर आणि क्रीड रॉजर्स हे दोघे पहिले काळे डेप्युटी नेमले गेले. जेमतेम वर्ष झालं आणि २ जून १९६५च्या रात्री त्यांच्या गस्तीच्या गाडीवर गोळ्या झाडल्या गेल्या. मूर जागीच गेले, रॉजर्सचा एक डोळा गेला. या खुनाबद्दल आजवर कुणालाही शिक्षा झालेली नाही.

त्याच वर्षी ७ मार्चला अलाबामात सेल्माच्या पुलावर मतदानाचा हक्क मागणाऱ्यांना झोडपणाऱ्यांत शेरीफ जिम क्लार्कचे डेप्युटी होते आणि त्याने गोळा केलेले घोडेस्वारही होते. चोराच्या मागे धावायला गावकरी जमवायची ती हजार वर्षांची प्रथा इथे निःशस्त्र माणसांवर उलटली. मग १९६५चा मतदान हक्क कायदा आला. १९६६च्या निवडणुकीत क्लार्क हरला. त्याच वर्षी अलाबामाच्या मेकन काउंटीत लुशियस ॲमर्सन हा काळा उमेदवार शेरीफ म्हणून निवडून आला. जो दंडा खायचा त्यानेच मत देऊन दंड्याचा मालक बदलला! म्हणून सांगतो मंडळी, सिटिझनशिप मिळाल्यावर फक्त प्रेसिडेंटला मत देऊन घरी येऊ नका. मतपत्रिकेवर शेरीफचंही नाव असतं.

आता आपल्या अंगणातली गोष्ट. २००८ साली आमच्या हॅरिस काउंटीत एका शीख कुटुंबाने घरफोडी झाली म्हणून डेप्युटी बोलावले. आलेल्यांनी पगड्या आणि कृपाण पाहून घरच्यांनाच बेड्या घातल्या, अशी त्या कुटुंबाची तक्रार होती. पुढे शेरीफ एड्रियन गार्सिया यांनी शीख समाजाला साद घातली. तेव्हा संदीपसिंग धालीवाल या पंजाबातून आलेल्या तरुणाने आपला ट्रकचा व्यवसाय सोडला आणि २००९ मध्ये तो खात्यात शिरला. सुरुवात कुठे? तुरुंगातच. पुढे डेप्युटी झाला. २०१५ मध्ये पगडी आणि दाढीसह गणवेश घालायची परवानगी त्याला मिळाली. टेक्सासमधला तो पहिला. २०१७च्या हार्वी वादळात मदतीचं सामान आणवण्यात तो पुढे होता.

२७ सप्टेंबर २०१९ला एक गाडी थांबवून, चालकाशी बोलून तो आपल्या गाडीकडे परतत होता. त्या चालकाने मागून येऊन गोळी घातली. धालीवाल ४२ वर्षांचा होता, घरी तीन मुलं. २ ऑक्टोबरला सायप्रसच्या बेरी सेंटरमध्ये हजारो माणसं आली. गुरबाणीही झाली आणि पोलिसी सलामीही. काही आठवड्यांतच ह्यूस्टन शहराच्या पोलिसांनीही शीख अधिकाऱ्यांना पगडीची मुभा जाहीर केली. मारेकऱ्याला २०२२ मध्ये देहदंड सुनावला गेला. ॲडिक्स हॉवेल रस्त्यावरच्या पोस्टाला २०२१ पासून धालीवालचं नाव आहे. दिवाळीचा फराळ पार्सल करायला तिथे गेलात तर पाटी वाचा.

त्या माउलीला मी हे सगळं सांगितलं. धालीवालचा शेवटही लपवला नाही, कारण तिची भीती खरी आहे आणि कुठल्याही इतिहासाने ती खोटी ठरत नाही. पण 'एवढं शिकून पोलिसात?' या प्रश्नाला मात्र उत्तर आहे. आपण या देशात डॉक्टर झालो, इंजिनिअर झालो, मोठी घरं बांधली. रात्री दार वाजलं की मात्र वाटतं, बाहेरच्याने आपल्याला समजून घ्यावं. आपलं नाव नीट उच्चारावं, आजीला इंग्रजी येत नाही म्हणून तिच्यावर ओरडू नये. समजून घेणारा तो माणूस दरवेळी दुसऱ्याच कुणाच्या घरातून यावा, ही अपेक्षा किती दिवस धरायची?

ज्यांच्या घरातून तो आला, त्या सगळ्यांच्या दारात या दिवाळीत एक पणती जास्त लागो.