गाडीचं मेण आणि मामीचा ओटा

मागच्या दिवाळीत कोहमाऱ्याला मामाकडे गेलो होतो. घर हायवेलगतच. मामाने गाडी चकाचक केली आणि उरलेलं कार-वॅक्स स्वयंपाकघरातल्या कडप्प्याच्या ओट्यालाही फासलं! ओटा आरशासारखा झाला. मामी भडकली, "अहो, गाडीचं आहे ते. पोळ्या लाटते मी इथं!" दुपारी गरम कढई टेकवली, तर पांढुरकं वर्तुळ उमटलं.

आता इंजिनियर म्हटलं की खोदकाम आलंच. :-) आणि गंमत अशी की मेण गाडीवरून घरात आलेलं नाही, ते घरातूनच गाडीवर गेलंय.

दोन हजार वर्षांपूर्वी वित्रुवियस हा रोमन वास्तुकार लिहून गेलाय, की शेंदरी भिंतीवर थोडं तेल घातलेलं गरम मेण लावावं, निखाऱ्याने शेकावं आणि कापडाने घासावं. संगमरवरी पुतळ्यांनाही असंच करत. पुढे १८८६ मध्ये अमेरिकेतल्या रसीन गावात सॅम्युएल जॉन्सनने लाकडी फरशांचा धंदा सुरू केला. गिऱ्हाईकं विचारायची, 'फरशी राखायची कशी?' म्हणून तो मेणही विकू लागला. मोटारी नंतर आल्या. या मेणातला कडक घटक म्हणजे ब्राझीलच्या कार्नौबा ताडाच्या पानांवरचं मेण. त्या झाडांच्या शोधात जॉन्सनचा नातू १९३५ मध्ये चक्क विमानाने ब्राझीलला गेला. विमानाचं नावही 'कार्नौबा'च!

आपल्याकडे चकाकीचं काम लाखेने केलं. गोंदिया हे नावच गोंद आणि लाखेच्या व्यापारावरून पडलं असं सांगतात. पळसावरच्या लाखेचं पॉलिश कपाटाला लागलं, टेबलाला लागलं. पण चुलीजवळ कोणी नेलं नाही. लाखेच्या पॉलिशवर गरम कप ठेवला की पांढरा डाग पडतो, हे जुन्या लोकांना ठाऊक होतं.

मामाच्या ओट्याचंही तेच झालं. मधमाशीचं मेण ६२-६४ अंशांना वितळतं, कार्नौबा ८२-८६ ला. कढई त्याच्या कितीतरी वर असते. कडप्पा हा चुनखडीचा दगड, लिंबू-चिंचेने खरवडतो. मेणाचा थर ते थोडं लांबवेल इतकंच. ग्रॅनाइट तर मेण फारसं पीतच नाही, वर नुसते फराटे उठतात.

आणि खाण्याचं काय? कार्नौबा स्वतः निरुपद्रवी, चॉकलेटच्या गोळ्यांवरही त्याचीच चकाकी असते. पण गाडीच्या डब्यात त्याच्या जोडीला रॉकेलच्या जातीची द्रावकं असतात, बरेचदा सिलिकॉनही. ते पत्र्यासाठी बनवलेलं, कणकेसाठी नाही. म्हणजे मेण घरचंच, पण परत आलं ते वेगळ्या संगतीत राहून!

शेवटी भांड्याचा साबण आणि गरम पाणी घेऊन मामाने तीनदा ओटा घासला. मामीने वर खोबरेल तेलाचा फडका फिरवला. चकाकी कमी, पण पोळी बिनधास्त.

असो. डबा आता गाडीच्या डिकीत आहे.