ब्लूजवाल्याची प्रार्थना

'गॉस्पेल' म्हणजे शुभवर्तमान. अमेरिकेतील कृष्णवर्णीयांच्या चर्चमध्ये टाळ्या वाजवत, अंग डोलवत, मोकळ्या गळ्याने जी भक्तिगीते गायली जातात, त्यांनाही हेच नाव आहे. आज ती ऐकताना वाटते, की हे गाणे चर्चमध्ये पहिल्यापासूनच असणार. तसे नाही. या गाण्याला चर्चच्या दारात बराच काळ तिष्ठावे लागले. ते दार ज्यांनी उघडायला लावले, त्यांत थॉमस अँड्र्यू डॉर्सी यांचे नाव आधी घ्यावे लागते. आज मला त्यांच्याविषयी सांगायचे आहे.

डॉर्सींचा जन्म १८९९ साली जॉर्जिया राज्यातील व्हिला रिका या गावी झाला. वडील धर्मोपदेशक, पण घर चालायचे ते दुसऱ्याची शेती वाट्याने कसून. आई चर्चमध्ये ऑर्गन वाजवायची. पुढे हे कुटुंब पोटासाठी अटलांटा शहरात आले. तिथे मुलाच्या कानावर निराळेच संगीत पडले, ते म्हणजे ब्लूज. विरहाची, दैन्याची, कधी चावट अशी ही गाणी. तो पियानो शिकला आणि पोरवयातच रात्रीच्या बैठकांतून वाजवू लागला.

पुढे डॉर्सी शिकागोला गेले. १९२४ मध्ये मा रेनी या गाजलेल्या ब्लूज गायिकेच्या साथीचा वाद्यवृंद ते सांभाळू लागले. १९२८ मध्ये टँपा रेड या गिटारवादकाबरोबर त्यांनी 'इट्स टाइट लाइक दॅट' ही तबकडी काढली. गाणे द्व्यर्थी होते आणि ते धडाक्याने खपले. 'जॉर्जिया टॉम' हे त्यांचे नाव झाले. पण याच दशकात त्यांचे मन दोनदा पार कोलमडले. दुसऱ्या वेळी तर पुष्कळ दिवस कामच बंद पडले, जीव नकोसा झाला. सावरता सावरता ते भक्तिगीतांकडे वळले.

आता त्या काळचे शिकागो पाहा. दक्षिणेतला छळ आणि दारिद्र्य यांना कंटाळून हजारो कृष्णवर्णीय कुटुंबे उत्तरेकडच्या शहरांत येत होती. शिकागोतील त्यांच्या मोठ्या, प्रतिष्ठित चर्चमध्ये मात्र युरोपीय धाटणीचे संयत गायन चाले. टाळी, हुंकार, रडणे हे सारे गावंढळ मानले जाई. गावाकडून आलेल्या बाईला तिथे आपली वाटेल अशी हाक ऐकू येत नसे. डॉर्सींनी नेमकी ती हाक दिली. शब्द प्रार्थनेचे, पण ताल आणि सुरांचे वळण ब्लूजचे! अनेक पास्टरांना ते पटले नाही. नाचघरातले संगीत देवाच्या घरात कसे चालेल? चांगल्या चांगल्या चर्चमधून मला बाहेर काढले आहे, असे डॉर्सी पुढे सांगत असत.

वारे फिरले ते १९३० नंतर. १९३२ मध्ये पिल्ग्रिम बॅप्टिस्ट या मोठ्या चर्चने गॉस्पेल गायकवृंदाची जबाबदारी त्यांच्याकडे दिली. त्याच वर्षीच्या ऑगस्टमध्ये ते गायनासाठी सेंट लुईसला गेले होते. पत्नी नेटी घरी होती, दिवस भरत आले होते. तिथेच तार आली. बाळंतपणात नेटी गेली होती. मुलगा झाला होता, पण घरी पोचल्यावर थोड्याच वेळात तोही गेला. मायलेकांना एकाच शवपेटीत ठेवून पुरले.

डॉर्सी देवावर रुसले. पुन्हा ब्लूजकडेच जावे, असे त्यांच्या मनात आले. काही दिवसांनी एका मित्राबरोबर असताना ते पियानोपाशी बसले. एका जुन्या स्तोत्राची चाल बोटांखाली येत होती. ती त्यांनी आपल्या पद्धतीने वळवली आणि तिच्यावर नवे शब्द आले. त्यातून 'टेक माय हँड, प्रेशस लॉर्ड' हे गीत जन्मले. थकलेल्या माणसाने देवाला 'माझा हात धर' म्हणावे, एवढाच त्याचा आशय. महालिया जॅक्सन यांच्या आवाजात मी ते प्रथम ऐकले, तेव्हा निम्मे शब्द कळले नव्हते. पण हा माणूस खरेच हात शोधतो आहे, हे कळले. मला वाटते, ब्लूज गाऊन झाल्याशिवाय ही प्रार्थना सुचली नसती. देवापुढे आपले दुःख झाकून ठेवायचे नाही, हे त्या बदनाम संगीतानेच त्यांना शिकवले होते.

डॉर्सी केवळ रचनाकार नव्हते. गाण्यांचे छापील कागद ते सुटे विकत. सॅली मार्टिन या गायिकेने त्यांच्या विस्कळीत हिशेबाला शिस्त लावली आणि गावोगावी गायकवृंद उभे करायला मदत केली. महालिया जॅक्सन त्यांच्याबरोबर हिंडून त्यांची गाणी गात. उतारवयात डॉर्सींना धर्मोपदेशकाची दीक्षा मिळाली आणि ते पिल्ग्रिम बॅप्टिस्टचे सहायक पास्टर झाले. एके काळी ज्याच्या संगीताला चर्चची दारे बंद होती, तोच माणूस आता वेदीपाशी उभा राहिला.

त्यांचे ते गीत मार्टिन ल्यूथर किंग यांना फार प्रिय होते. ४ एप्रिल १९६८ रोजी मेम्फिसच्या लॉरेन मोटेलच्या सज्जात उभे राहून त्यांनी बेन ब्रँच या वादकाला सांगितले, की आजच्या सभेत ते गीत वाजव, छान वाजव. काही क्षणांत गोळी सुटली. किंग यांच्या अंत्यविधीत महालिया ते गायल्या. १९७२ मध्ये महालिया गेल्या, तेव्हा त्यांच्यासाठी ते अरेथा फ्रँकलिन यांनी गायले.

डॉर्सी २३ जानेवारी १९९३ रोजी शिकागोत वारले. पिल्ग्रिम बॅप्टिस्टची जुनी देखणी वास्तू २००६ च्या जानेवारीत आगीत जळाली, भिंती तेवढ्या उरल्या. गाण्याला मात्र त्या भिंतींची गरज उरली नव्हती. एका बापाच्या घरातल्या दोन मृत्यूंतून आलेले हे शब्द तोवर जगभरच्या दुःखितांनी आपले म्हणून घेतले होते.