थायरॉइडचा कॅन्सर: केरळात जास्त, बार्शीकडं कमी. असं का?

"मला थायरॉइड आहे" असं सांगणाऱ्या बाया आता वाडीवस्तीवरसुद्धा भेटतात. त्यातल्या बहुतेकींचा कॅन्सरशी काही संबंध नसतो. थायरॉइड ही गळ्याच्या पुढच्या बाजूला, कंठाखाली असलेली फुलपाखराच्या आकाराची ग्रंथी. तिचा स्राव कमी पडला की थकवा येतो, वजन वाढतं, पाळी बिघडते आणि रोज सकाळी उपाशीपोटी गोळी सुरू होते. ग्रंथीत गाठ होणं ही वेगळी गोष्ट. अशा गाठीही शंभरातल्या नव्वदच्या वर साध्याच निघतात. राहिलेल्या थोड्या कॅन्सरच्या असतात, आणि पुरुषांपेक्षा बायांना हा कॅन्सर साधारण तिप्पट होतो.

बार्शी, परांडा आणि भूम तालुक्यांतल्या गावांची कॅन्सर नोंदणी 1987 पासून चालू आहे. देशातली ही पहिली ग्रामीण कॅन्सर नोंदणी. पेशंट आपणहून दवाखान्यात येत नव्हते, म्हणून नोंदणीची माणसंच गावोगाव फिरली, लक्षणं विचारली, संशय आला त्याला तपासणीला पाठवलं. इथल्या बायांमध्ये गर्भाशयाच्या तोंडाचा आणि स्तनाचा कॅन्सर वर, थायरॉइडचा अगदी खाली. तिकडं केरळात तिरुवनंतपुरमच्या नोंदणीत मात्र बायांमध्ये स्तनाच्या खालोखाल थायरॉइडचंच नाव येतं, आणि 2005 नंतरच्या दहा वर्षांत तिथलं प्रमाण झपाट्यानं वाढलं.

पहिला संशय गेला समुद्रकाठच्या काळ्या वाळूवर. कोल्लम जिल्ह्यात करुनागप्पल्लीकडच्या वाळूत थोरियम आहे, त्यामुळं तिथं नैसर्गिक किरणोत्सार जास्त. पण तिथल्या लोकांच्या नोंदी वर्षानुवर्षं ठेवून पाहिल्या, तरी या किरणोत्सारामुळं कॅन्सर वाढल्याचं दिसलं नाही. किरणोत्साराने थायरॉइडचा कॅन्सर होतो हे मात्र खरं. 1986 मध्ये चेर्नोबिलची अणुभट्टी फुटली, किरणोत्सारी आयोडीन गवतावर पडलं, गवत गायींनी खाल्लं, दूध पोरांनी प्यालं. पुढं बेलारूस, युक्रेन आणि रशियाच्या त्या भागात लहानपणी ते दूध प्यालेल्या हजारोंना हा कॅन्सर झाला.

केरळचं उत्तर बरंचसं सोनोग्राफीत आहे. तिथं दवाखाने जवळ, तपासण्या जास्त. हाताला न लागणारी ज्वारीच्या दाण्याएवढी गाठही मशीनवर दिसते. दक्षिण कोरियात हेच मोठ्या प्रमाणावर झालं. 1999 पासून तिथं सरकारी कॅन्सर तपासण्या सुरू झाल्या आणि दवाखान्यांनी त्यासोबत थोड्या पैशात गळ्याची सोनोग्राफी द्यायला सुरुवात केली. 2011 मध्ये तिथलं थायरॉइड कॅन्सरचं प्रमाण 1993 च्या पंधरापट झालं होतं. मरणाऱ्यांचा आकडा मात्र होता तिथंच राहिला. म्हणजे ज्या गाठींनी जन्मभर काही केलं नसतं, त्यांच्यासाठी हजारो गळे कापले गेले. आपल्याकडं आता "फुल बॉडी चेकअप"ची पाकिटं तालुक्यापर्यंत पोचलीत, म्हणून हे सविस्तर लिहिलं. गळ्याला काही त्रास नसताना, घरात कुणाला हा आजार नसताना, उगाच सोनोग्राफी करून घेऊ नये.

पण बार्शीकडं आकडा कमी म्हणून निर्धास्त राहायचं कारण नाही. आपल्याकडं आजार कमी असेल, आणि सापडतही कमी असेल. शिवाय किती सापडले यापेक्षा कोणत्या जातीचा सापडला हे महत्त्वाचं. सगळ्यात जास्त आढळतो तो पॅपिलरी. हा सावकाश वाढतो, गळ्यातल्या गाठींत पसरतो, पण बहुतेक पेशंट बरे होतात. दुसरा फॉलिक्युलर. जिथं मिठात आयोडीन नाही आणि गलगंड जास्त, तिथं याचं प्रमाण वाढतं. तो रक्तातून हाडांत आणि फुप्फुसात जातो. सुईच्या तपासणीत तो नक्की ओळखता येत नाही, अर्धी ग्रंथी काढून तपासावी लागते. मेड्युलरी कमी आढळतो, पण चारातला साधारण एक पेशंट घराण्यातून आलेला असतो, म्हणून भावंडांची आणि पोरांची रक्ततपासणी करतात. चौथा ॲनाप्लास्टिक. क्वचित होतो, बहुधा साठीनंतर, कधीकधी वर्षानुवर्षं अंगावर काढलेल्या गलगंडातच. काही आठवड्यांत गळा दाबला जातो, आणि फार थोडे वाचतात.

आमच्या चुलतीनं गळ्याची गाठ पंधरा वर्षं पदराखाली झाकली. "दुखत नाही तर कशाला," एवढंच म्हणायची. कॅन्सरची गाठ सुरुवातीला दुखतच नाही. गाठ कडक लागत असेल, भराभर वाढत असेल, आवाज तीन आठवडे बसलेला असेल, घास अडकत असेल किंवा गळ्याच्या बाजूला आणखी गाठी लागत असतील, तर थांबू नये. आधी टीएसएच, मग सोनोग्राफी, गरज वाटली तर सुईची तपासणी. ऑपरेशन सांगितलं तर रिपोर्टवर कोणती जात लिहिली आहे हे विचारून घ्यावं, आणि अर्धी ग्रंथी काढणार की पूर्ण, हेही. पूर्ण काढली तर गोळी जन्मभर. ऑपरेशननंतर ओठांना, बोटांना मुंग्या आल्या तर कॅल्शियम उतरलेलं असतं, लगेच डॉक्टरांना सांगायचं.