टाचण्यांच्या गावची रविवारची शाळा

नोकरीच्या निमित्ताने महाराष्ट्राबाहेर पडलेल्या आम्हां मंडळींच्या वाट्यास एक काम हटकून येते. रविवारी सकाळी मंडळाच्या खोलीत आपल्या व शेजाऱ्यापाजाऱ्यांच्या मुलांना मराठी मुळाक्षरे शिकविणे, हे ते काम होय. गेल्या वर्षी ही कामगिरी आमच्याकडे आली, आणि पहिल्याच रविवारी सहा वर्षांच्या एका चिरंजीवांनी आम्हांस ‘ज्ञ’ या अक्षरावर अडवून धरले. “काका, शाळेत बाई ‘ग्य’ म्हणतात. त्या शिकवतात, तुम्ही तर ऑफिसात जाता!” या युक्तिवादास आमच्यापाशी उत्तर नव्हते. वर्ग हसला, आम्हीही हसलो, आणि तो तास ‘ज्ञ’वरच संपला.

घरी परतताना मनात आले की, आठवडाभर राबलेल्या मुलांना सुटीच्या दिवशी पुन्हा धड्यास बसविण्याची ही रीत प्रथम रुजली तरी कोठे? याचे उत्तर इंग्लंडातील चर्चच्या इतिहासात सापडते. आणि तो इतिहास आमच्यासारख्या हौशी गुरुजींस धीर देणारा आहे.

अठराव्या शतकात ग्लॉस्टर या गावी टाचण्या बनविण्याचा धंदा मोठा होता व त्यात लहान मुले सोमवारपासून शनिवारपर्यंत राबत असत. रविवार तेवढा त्यांचा. त्या दिवशी गल्लीबोळांतून जो दंगा उसळे, त्याने प्रतिष्ठित नागरिक हैराण होत. ‘ग्लॉस्टर जर्नल’ या वृत्तपत्राचे संपादक रॉबर्ट रेक्स यांनी कित्येक वर्षे तुरुंगांतील कैद्यांच्या सुधारणेसाठी खटपट केली होती. मोठेपणी बिघडलेला माणूस सुधारणे कठीण, तेव्हा लहानपणीच त्याला हाती धरावे, या विचाराने त्यांनी १७८० साली थॉमस स्टॉक या धर्मोपदेशकांच्या साहाय्याने रविवारची शाळा काढली. अशी कल्पना त्यांनाच प्रथम सुचली असे मात्र नव्हे. हाय विकम येथे हॅना बॉल या बाईंनी १७६९ पासूनच असा वर्ग चालविला होता. परंतु रेक्स यांच्या हाती वृत्तपत्र होते. नोव्हेंबर १७८३ मध्ये त्यांनी आपल्या पत्रात या प्रयोगाची हकीकत छापली आणि तिचा बोलबाला देशभर झाला.

पहिला वर्ग मेरेडिथ नावाच्या बाईंच्या घरी भरला. मुलांनी त्यांना असे काही सळो की पळो करून सोडले की, लवकरच वर्ग क्रिचली नावाच्या दुसऱ्या बाईंकडे न्यावा लागला. त्या काळच्या विद्यार्थ्यांनी म्हातारपणी सांगितलेल्या आठवणी पुढे लिहून ठेवण्यात आल्या आहेत. काही आईबाप मुलाच्या पायास लाकडाचा ओंडका बांधून त्यास शाळेपर्यंत चालवीत आणीत. हेतू हा की, त्याने वाटेतून पळू नये. एका पठ्ठ्याने तर बिळात राहणारे बॅजर नावाचे जनावर वर्गात आणून मोकळे सोडले! त्या दिवशी धर्मज्ञानात किती भर पडली असेल, याची कल्पना वाचकांनीच करावी. गावातील टवाळांनी रेक्स यांस ‘बॉबी वाइल्डगूज’ म्हणजे रानहंस असे नाव ठेवले होते, आणि त्यांच्यामागून चर्चकडे निघालेल्या पोरांस त्यांची फाटकी पलटण म्हणत.

परंतु मुलांची बाजूही पाहिली पाहिजे. सकाळी दहाच्या सुमारास वर्ग भरे व बारास सुटे. एक वाजता पुन्हा हजर. मग धडा वाचून चर्चमध्ये उपासनेस जावयाचे, आणि परत येऊन साडेपाचपर्यंत धर्माची प्रश्नोत्तरी घोकावयाची. म्हणजे सहा दिवस टाचण्या आणि सातव्या दिवशी प्रश्नोत्तरी! त्यांच्या आयुष्यातील एकुलता एक मोकळा दिवसही वडीलधाऱ्यांनी, सद्हेतूने का होईना, काढून घेतला होता. वर्गात बॅजर सोडणारा मुलगा आम्हांस दुष्ट वाटत नाही. तो आपला रविवार परत मागत होता.

रेक्स यांस हे कोठेतरी उमगले असावे. छडीचा वापर त्या काळी सर्वत्र होता व त्यांची शाळाही त्यास अपवाद नव्हती. तथापि प्रवेशासाठी त्यांनी घातलेली अट एवढीच होती की, हात व तोंड धुतलेले असावे आणि केस विंचरलेले असावेत. कपडे फाटके असले तरी चालतील. मुलांना ते कंगवे देत, जोडे देत, आल्याचा केकही देत. शिकविणाऱ्या बायकांस दर रविवारी एक शिलिंग मिळे. तो त्यांनी घाम गाळूनच कमावला, यात शंका नाही.

अडचणी काही केवळ मुलांकडूनच आल्या असे नाही. १७८९ साली हॅना मोर व त्यांची बहीण मार्था यांनी मेंडिप टेकड्यांतील चेडर गावी अशी शाळा काढली, तेव्हा एका धनाढ्य शेतकऱ्याने त्यांस बजावले की, धर्म हा गरिबांना आळशी व निकामी करतो, तो कृपा करून इकडे आणू नये. काही पालकांनी मुले पाठविण्याबद्दल उलट मोबदला मागितला, तर काहींना भय वाटले की, या बाया मुलांना पुढे समुद्रापार धाडतील.

याहून खोल वाद लेखनाचा होता. बायबल वाचणे हे पुण्यकर्म. तेव्हा रविवारी वाचन शिकविण्यास प्रत्यवाय नव्हता. लेखन हे मात्र ऐहिक, पोटापाण्याचे कसब. ते पवित्र दिवशी शिकवावे की नाही, यावर पुढे मेथडिस्ट पंथात मोठी खडाजंगी झाली. हॅना मोर यांनी तर आपल्या शाळांत गरिबांच्या मुलांना लेखन शिकविलेच नाही. ज्याला केवळ वाचता येते तो दुसऱ्याने लिहिलेले मानतो. ज्याला लिहिता येते तो अर्ज करतो, तक्रार करतो, हिशेब विचारतो. लेखणीवर पोट भरणाऱ्या आम्हां कारकुनांस या भेदाचे मर्म कोणी समजावून सांगावयास नको. धर्मोपदेशकांतील चतुर मंडळींनी ते तेव्हाच ओळखले होते. पण अक्षराचा स्वभावच असा की, ते एकदा घरात शिरले म्हणजे आपल्या वाटा आपण शोधते. १८३१ च्या सुमारास ग्रेट ब्रिटनमध्ये साडेबारा लाख मुले या शाळांत जात होती. सरकारने सर्वांसाठी प्राथमिक शिक्षणाचा कायदा केला तो १८७० साली. तोपर्यंत कित्येक कामकरी मुलांस रविवारच्या या वर्गाखेरीज दुसरी शाळा नव्हती.

मिशनऱ्यांबरोबर ही पद्धत आपल्या देशातही आली. भारतातील अशा शाळांचा संघ १८७६ साली अलाहाबादेत स्थापन झाला. आमच्या वाचकांपैकी ज्यांनी त्या शहरी नोकरीची वर्षे काढली, त्यांस हे ऐकून कौतुक वाटेल. मराठीत अमेरिकन मिशनचे ‘बालबोधमेवा’ हे मुलांचे मासिक १८७२ साली निघाले. पुढे रेव्हरंड नारायण वामन टिळकांचा हात त्याला लागला. उपदेशाबरोबर गंमत दिली नाही तर मूल पुस्तक मिटून टाकते, हा ग्लॉस्टरचा धडा या नावातील ‘मेवा’ या शब्दात दिसतो.

रेक्स १८११ साली वारले. त्यांनी सांगून ठेवले होते की, आपल्या अंत्ययात्रेस येणाऱ्या शाळेतील प्रत्येक मुलास एक शिलिंग व एक प्लमकेक द्यावा. त्याप्रमाणे ते वाटले गेले. प्रश्नोत्तरीतील उत्तरे त्या मुलांपैकी कितीजणांच्या लक्षात राहिली असतील, हे सांगवत नाही. तो केक मात्र म्हातारपणापर्यंत आठवला असावा.

येत्या रविवारी आमच्या पिशवीत पाटी-खडूबरोबर शेंगदाण्याच्या चिक्कीचा पुडाही असेल. ‘ज्ञ’चा उच्चार चिरंजीवांनी आपल्या बाईंसारखा केला तरी तूर्त आमची हरकत नाही, ते अक्षर मात्र त्यांच्याकडून गिरवून घ्यावयाचे, असे आम्ही ठरविले आहे.