शेवटची नोंद म्हणजे शेवट नव्हे

आराखड्याला 'तुलनात्मक अभ्यास' असं शीर्षक दिलंत, की मुलाखतीत हमखास प्रश्न येतो : या दोनच गोष्टी का? उत्तर कसं शोधायचं ते एका विचित्र जोडीवरून पाहू. एक समुद्री सस्तन प्राणी, एक फुलझाड.

१७४१ मध्ये बेरिंगच्या मोहिमेचं जहाज कामचाटकाच्या पूर्वेला एका निर्जन बेटावर अडकलं. तिथे गेऑर्ग स्टेलर या निसर्ग-अभ्यासकाने सात-आठ मीटर लांबीच्या, समुद्रातल्या वनस्पती खाणाऱ्या समुद्रगाईचं वर्णन लिहून ठेवलं. मागोमाग फरचे शिकारी आले आणि मांसासाठी तिला मारू लागले. १७६८ नंतर ती दिसल्याची खात्रीशीर नोंद नाही.

१७६५ मध्ये जॉन आणि विल्यम बार्ट्राम या बापलेकांना जॉर्जियातल्या अल्टामाहा नदीकाठी एक अनोळखी झाड दिसलं. विल्यमने पुढे त्याच्या बिया फिलाडेल्फियाच्या बागेत नेल्या. बेंजामिन फ्रँकलिनवरून नाव पडलं फ्रँक्लिनिया. रानात ते शेवटचं दिसलं १८०३ मध्ये. बागांमध्ये आजही फुलतं.

इथे आपण पटकन लिहून मोकळे होतो : 'एकाने जपलं, दुसऱ्यांनी संपवलं.' जरा थांबा. बिया खिशात मावतात. कित्येक टनांची समुद्रगाय जहाजावर कशी चढवणार? म्हणजे हा फरक निव्वळ माणसांच्या नियतीतला नाही, त्या दोन जीवांच्या शरीरातलाही आहे. तुलनेचा प्रश्न चुकला की निष्कर्ष नुसता उपदेश होतो.

आता प्रश्न बदलू. 'शेवटचं' हे कोणी ठरवलं? १७६८ हे साल मिळतं मार्टिन सॉअर यांच्या पुस्तकात, आणि ते छापलं गेलं १८०२ मध्ये. चौतीस वर्षांनी! एखादी जात कायमची नाहीशी होऊ शकते, हे क्युव्हिए यांनी हत्तींच्या जीवाश्मांवरून ठामपणे मांडलं तेच १७९६ मध्ये. आणि १८०३ मध्ये ज्याने ते झाड पाहिलं, त्याला आपण शेवटचे साक्षीदार आहोत हे कळणं शक्यच नव्हतं. ते 'शेवटचं' झालं ते नंतरच्यांना ते सापडेना म्हणून.

या प्रश्नावर प्राणी आणि झाड खरंच शेजारी बसतात.

तेव्हा तुमच्या टिपणवहीत 'शेवटचा उल्लेख' असं लिहाल, तेव्हा दोन रकाने करा : घटना कधीची, आणि ती कोणी, कधी लिहिली. या दोन तारखांमधल्या अंतरातच बहुतेक वेळा तुमचा संशोधनप्रश्न दडलेला असतो.