अंडाशयापासून ग्राहीपर्यंत

स्तनाचा कर्करोग दूरच्या ग्रंथीच्या संदेशावर पोसला जाऊ शकतो, हे ग्लासगोचे शल्यचिकित्सक जॉर्ज बीटसन यांनी 1896 मध्ये मांडले. अंडाशय काढल्यावर बळावलेली गाठ विरत गेल्याचे त्यांचे निरीक्षण, कारण अज्ञात असूनही, असामान्य मोलाचे होते. ते कारण शिकागोत एल्वुड जेन्सन यांनी 1950 च्या दशकाच्या अखेरीस उलगडले. किरणोत्सारी हायड्रोजन जोडलेले इस्ट्रोजेन हे स्त्री-संप्रेरक त्यांनी उंदरांच्या माद्यांना टोचले, तेव्हा स्नायूंतून ते ओसरले, पण गर्भाशयात टिकून राहिले, कारण तेथील पेशींत त्याला धरून ठेवणारे प्रथिन, म्हणजे ग्राही, होते. संप्रेरक जडलेला हा ग्राही जनुके जागवून पेशीविभाजनाला चालना देतो, आणि टॅमॉक्सिफेन हे औषध ग्राहीवरील संप्रेरकाची जागाच अडवते. अमेरिकेत त्याला 1977 मध्ये मान्यता मिळाली.