पंचवटीच्या पट्टीवरची इटली

नाशिकच्या पंचवटीतल्या बाजार समितीत संध्याकाळी भाजीचे लिलाव रंगात आले की हिशेबपट्टी लिहिणाऱ्याला शुद्धलेखनाकडे बघायला फुरसत नसते. कोथिंबीर-मेथी शेकड्यावर, टोमॅटो जाळीवर, आणि बराचसा माल रात्रीतून मुंबईला पोचायचा असतो. या धांदलीत ब्रोकोली कधी ‘ब्रोकली’ होते, कधी ‘ब्रॉकोली’, कधी नुसती ‘ब्रोकोलि’. रोपवाटिकेच्या पाटीवर एक रूप, हॉटेलच्या मेनूकार्डावर दुसरं, आणि नवख्या गिऱ्हाइकाला समजवायचं तर सरळ ‘हिरवा फ्लॉवर’. भावात त्यानं दमडीचा फरक पडत नाही.

शुद्धलेखनाच्या कैवाऱ्यांनी यावर कपाळाला आठ्या घालू नयेत. खुद्द इंग्रजांना हा शब्द एका ‘सी’नं लिहावा की दोन, हे ठरवायला दीड-दोन शतकं लागली. जॉन एव्हलिननं १६९९ मध्ये सॅलडवर पुस्तक लिहिलं, त्यात नेपल्सच्या ब्रोकोलीचा उल्लेख आहे. पुढे १७२४ मध्ये फिलिप मिलर या नामांकित माळीबुवांनी बागकामाच्या कोशात या भाजीला ‘कोंबाचा कॉलीफ्लॉवर’ आणि ‘इटालियन शतावरी’ अशी दोन पर्यायी नावं देऊन ठेवली. परकी भाजी आली की ओळखीच्या भाजीचं नाव तिला चिकटवायचं, हा उद्योग नाशिकच्या ‘हिरव्या फ्लॉवर’नं सुरू केलेला नाही.

मूळ इटालियन शब्द ‘ब्रोक्को’. ब्रोक्को म्हणजे कोंब, फुटवा. त्यामागचा लॅटिन शब्द पुढे आलेल्या दातांसाठी वापरला जाई. ‘ब्रोक्कोलो’ म्हणजे छोटा कोंब आणि ‘ब्रोक्कोली’ हे त्याचं अनेकवचन. मराठीनं ईकारान्त शब्द पाहिला आणि बिनदिक्कत स्त्रीलिंगी एकवचन करून टाकलं. कोबी मात्र काही घरांत ‘तो’ आहे, काही घरांत ‘ती’. फ्लॉवर सगळीकडे पुरुष.

शब्दाचा अर्थ शेतात बघायला मिळतो. पुनर्लागवडीनंतर साधारण दोन-सव्वादोन महिन्यांनी मधला गड्डा तयार होतो. कळ्या घट्ट मिटलेल्या असतानाच तो दांड्यासकट कापावा लागतो. दोन दिवस आळस केला, त्यात ऊन तापलं, की कळ्या पिवळ्या पडून फुलायला लागतात आणि माल बाद. गड्डा कापल्यावर पानांच्या बगलेतून बोटाएवढे लहान लहान तुरे फुटतात. इटालियन शेतकऱ्यानं नाव ठेवलं ते या फुटव्यांवरून. हल्लीचे बरेचसे संकरित वाण एकच मोठा, वजनदार गड्डा यावा म्हणून तयार केलेले असतात, त्यांना फुटवे कमी. ज्यावरून नाव पडलं तेच बियाणे कंपन्यांनी मोडीत काढलं, असं म्हटलं तर फार चूक होणार नाही.

लेखन बदललं तसा अर्थही घसरत गेला. इंग्लंडमध्ये कितीतरी वर्षं ‘ब्रोकोली’ म्हणजे हिवाळ्यात येणारा पांढराच फ्लॉवर. हिरव्या गड्ड्याला तिथे कॅलाब्रिया प्रांतावरून ‘कॅलाब्रेसे’ म्हणत. इटलीतही एकवाक्यता नाही, सिसिलीत ब्रोकोलीच्या नावाखाली चक्क फ्लॉवर मिळतो. हिरव्या भाजीला जगभर हेच नाव चिकटलं ते मुख्यतः अमेरिकेमुळे. सिसिलीतल्या मेसिनाहून गेलेल्या दारिगो बंधूंनी १९२० च्या दशकाच्या सुरुवातीला कॅलिफोर्नियातल्या सॅन होजेजवळ तिची लागवड केली, बर्फात घालून माल बोस्टनला पाठवला आणि ‘अँडी बॉय’ या छापानं विकला. भारतात कुलू खोऱ्यातल्या कटराईनच्या संशोधन केंद्रानं ‘पुसा केटीएस-१’ हे वाण १९९६ मध्ये दिलं. महाराष्ट्रातल्या शेतीसल्ल्यांत त्याच्या जोडीला ‘गणेश ब्रोकोली’ हे नावही दिसतं. गणपती आणि कॅलाब्रिया एका पाकिटावर!

खरं तर इटलीची भाजी मराठी स्वयंपाकघरात ब्रोकोलीच्या कितीतरी आधी येऊन बसली होती. ‘कोबी’ हा शब्द पोर्तुगीज ‘कूव्ह’वरून आला. ‘कॉलीफ्लॉवर’ हा इटालियन ‘काव्होलफ्योरे’चा, म्हणजे ‘कोबीच्या फुला’चा, इंग्रजी अवतार. मराठीनं त्यातला कोबी उडवला आणि फूल ठेवलं. मोगलाईत ज्या गावाचं नाव गुलशनाबाद होतं आणि ज्याच्या आसपास आजही गुलाब पिकतो, त्या नाशकात ‘फ्लॉवर आण’ म्हटल्यावर कोणी फुलबाजाराकडे वळत नाही.

भारतात फ्लॉवर कधी आला याबद्दल शेतीच्या पुस्तकांत एक वाक्य पिढ्यानुपिढ्या उतरवलं जातं: १८२२ साली सहारनपूरच्या कंपनीबागेचे प्रमुख डॉ. जेमसन यांनी तो आणला. आता त्या साली बागेचे प्रमुख होते जॉर्ज गोवान. विल्यम जेमसन तिथे रुजू झाले १८४२ मध्ये. म्हणजे एक तर साल चुकलं किंवा माणूस. शिवाय पुस्तकांनी त्या बिचाऱ्याच्या इंग्रजी नावातलं एक अक्षरही खाल्लं आहे. भाजीच्या स्पेलिंगवरून आडत्याला हसण्याआधी हे लक्षात असू द्यावं.

सगळ्यात गमतीचा नमुना म्हणजे नवलकोल. जर्मन ‘कोलराबी’ हे नाव इटालियन ‘काव्होली रापे’वरून आलेलं. आपल्याकडे मात्र डचांचा ‘क्नोलकोल’ पोचला. यूल आणि बर्नेल यांच्या १८८६ च्या ‘हॉब्सन-जॉब्सन’ या कोशात तो ‘नोलकोल’ म्हणून नोंदला आहे, आणि मुंबईचे जॉर्ज बर्डवुड तो वेगळा, ‘के’पासून सुरू करून लिहितात, असा मित्रत्वाचा चिमटाही तिथे काढलेला आहे. मराठी जिभेला ‘क्नोल’ कुठला झेपायला? तिनं त्यात ‘नवल’ घातलं आणि भाजी आपलीशी केली. काही घरांत ती ‘अलकोल’ आहे. हा शब्द पहिल्यांदा ऐकणारा पाहुणा जरा दचकतो.

नाशिकनं या देवघेवीत नुसतं घेतलं असंही नाही. थळ घाटातून आगगाडी १८६५ मध्ये सुरू झाली, त्याच मार्गावर देवळालीला गोऱ्या फौजेची छावणी होती. मायदेशी जाणाऱ्या जहाजाची वाट बघत सैनिक तिथे महिनोन् महिने कुजत पडायचे, काहींचं डोकं फिरायचं. देवळालीचं त्यांनी ‘डूलॅली’ केलं आणि आपला ‘ताप’ जोडून ‘डूलॅली टॅप’ हा वाक्प्रचार तयार केला. वेडसर माणसाला ‘डूलॅली’ म्हणणाऱ्या किती इंग्रजांना नाशिक रोडजवळचं हे गाव ठाऊक असेल?

ब्रोकोलीपाठोपाठ आलेली झुकिनी सध्या याच चरकातून जाते आहे. ‘झुक्का’ म्हणजे भोपळा, ‘झुक्किनी’ म्हणजे लहान भोपळे, पुन्हा अनेकवचनच. इंग्रजी स्पेलिंगमधला ‘सीएच’ बघून शाळा शिकलेले ‘झुचिनी’ म्हणतात, हिंदी भाषक व्यापारी ‘जुकिनी’ म्हणतो. इटालियन उच्चार ‘त्सुक्किनी’च्या जवळचा आहे. ‘जग’ आणि ‘जहाज’ यांतला फरक सहज बोलणारी मराठी जीभ यात हिंदीपेक्षा बरी पडते, पण पट्टीवर लिहिताना तो फरक दाखवायला देवनागरीत रोजच्या वापराचं अक्षर नाही. म्हणून हिरवी असो वा पिवळी, ती कुठे ‘झुकिनी’ लिहिली जाते, कुठे ‘झुकीनी’, आणि ओळखीचा मुलगा दुकानावर असला तर ‘काकडीसारखी ती, दोन किलो’ एवढ्यावरही काम भागतं.